‘गुड’ म्हणणाऱ्या डिस्कचा भरवसा

‘लॅपटॉपमधलं सॉफ्टवेअर हार्ड डिस्कची प्रकृती ‘गुड’ दाखवतंय. मग बॅकअपचा खटाटोप कशाला?’ असं एका वाचकानं विचारलं आहे.

प्रश्न रास्त आहे. हे ‘गुड’ येतं ते ‘स्मार्ट’ नावाच्या व्यवस्थेतून. १९९० च्या दशकात आयबीएम, कॉम्पॅक आणि डिस्क बनवणाऱ्या कंपन्यांनी ती घडवली. डिस्क स्वतःवरच नजर ठेवते : किती तास चालली, किती तापली, वाचताना किती चुकली, किती सेक्टर बाद करून त्यांच्या जागी राखीवातले घ्यावे लागले. मेख अशी, की कोणता आकडा कुठवर गेला म्हणजे डिस्क नापास, हे ती बनवणारी कंपनीच ठरवते. वॉरंटीत डिस्क बदलून द्यायचा खर्चही तिच्याच खिशातून जातो, हे लक्षात असू द्यावं.

फेब्रुवारी २००७ मध्ये कॅलिफोर्नियात सॅन होजेला भरलेल्या एका परिषदेत या व्यवस्थेची खरी परीक्षा झाली. गूगलचे एदुआर्दो पिन्येरो, वुल्फ-डीट्रिश वेबर आणि लुइझ आंद्रे बारोसो यांनी आपल्याकडच्या एक लाखाहून अधिक डिस्कचा ताळेबंद मांडला. पृष्ठभाग तपासताना पहिली चूक सापडली, की ती डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट होते. म्हणजे घंटा वाजली तर ती हलक्यानं घेऊ नये. पण बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कमध्ये चार प्रमुख लक्षणांपैकी एकही दिसलं नव्हतं! तापमान सोडून बाकीची सगळी लक्षणं धरली, तरी ३६ टक्के डिस्क चकार शब्द न काढता गेल्या.

गरम डिस्क लवकर जाते, हा समजही या अभ्यासात ढिला पडला. फार तापलेल्या आणि जुन्या डिस्क वगळता तापमानाचा फारसा संबंध दिसेना. एवढा उपद्व्याप करून कोणत्या कंपनीच्या डिस्क जास्त बिघडल्या, ते मात्र गूगलनं गुलदस्त्यातच ठेवलं. ‘बॅकब्लेझ’ ही कंपनी २०१३ पासून आपल्या डिस्कचे मॉडेलनिहाय आकडे जाहीर करते; ग्राहकाच्या दृष्टीनं हे काम अधिक मोलाचं.

त्याच परिषदेत बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी डिस्कच्या जाहिरातीतल्या सरासरी ‘दहा लाख तासां’च्या आयुष्याची हजेरी घेतली. दहा लाख तास म्हणजे ११४ वर्षं. एवढी वर्षं कोणतीही डिस्क चालवून पाहिलेली नसते. हजारो नव्या डिस्क थोडे दिवस चालवून काढलेला हा हिशेब आहे. विशीतल्या हजार जणांपैकी वर्षभरात एखादाच दगावतो, म्हणून माणसाचं सरासरी आयुष्य हजार वर्षं म्हणावं, तसलाच. म्हातारपण त्यात धरलेलंच नाही. कंपन्यांच्या आकड्यांनुसार वर्षाला एक टक्क्याहूनही कमी डिस्क बदलाव्या लागायला हव्या होत्या. प्रत्यक्षात दोन ते चार टक्के सर्रास, तर एका ठिकाणी तेरापर्यंत लागल्या.

नव्या लॅपटॉपमध्ये एसएसडी असते. तिच्यात फिरणारं काही नाही, त्यामुळे आजारपणाची खडखडही नाही. तिथं दिसणारी ‘९८ टक्के’ प्रकृती बहुतांशी लिहिण्याच्या क्षमतेपैकी किती शिल्लक आहे एवढंच सांगते. तिचा कारभार पाहणारी कंट्रोलर चिप कधी दगा देईल, ते या टक्क्यांत नसतं.

बॅकअप घेणं आणि बॅकअप असणं यांतही अंतर पडतं. ३१ जानेवारी २०१७ रोजी ‘गिटलॅब’ या सॉफ्टवेअर कंपनीच्या एका अभियंत्याच्या हातून चालू डेटाबेसच पुसला गेला. बचावाच्या पाच सोयी होत्या. एकही धड चालत नव्हती. नेहमीचा बॅकअप डेटाबेसशी न जुळणाऱ्या जुन्या आवृत्तीच्या साधनानं घेतला जात होता, म्हणून दरवेळी फसत होता. फसल्याची सूचना देणारे ई-मेलही नाकारले जात होते, त्यामुळे कोणाला पत्ता नाही. अखेर सुमारे सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी काढलेली एक प्रत कामी आली. कंपनीचं कौतुक एवढंच, की दुरुस्तीची सगळी धडपड तिनं यूट्यूबवर थेट दाखवली.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम घरीही पाळता येतो : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. नुसत्या क्लाउड सिंकवर विसंबू नये, कारण इकडे फाइल पुसली की तिकडचीही जाते. एक्स्टर्नल डिस्क कॉपी झाल्यावर काढून ठेवावी. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं रॅन्समवेअर जोडलेली डिस्कही सोडत नाही. आणि अधूनमधून बॅकअपमधल्या चार फाइली उघडून पाहाव्यात.

‘गुड’च्या जागी ‘कॉशन’ आलं तर? आधी लागणाऱ्या फाइली दुसरीकडे उतरवाव्यात, दुरुस्तीची सॉफ्टवेअरं त्यानंतर. तासन्‌तास चालणारी तपासणी दुबळ्या डिस्कला तिथल्या तिथे संपवू शकते. टकटक आवाज येत असेल आणि दुसरी प्रत नसेल, तर लॅपटॉप लगेच बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्यावा. ती डिस्क फ्रीझरमध्ये ठेवण्याचा इंटरनेटवरचा तोडगा मात्र करू नये. आत दव धरलं तर जे वाचण्यासारखं होतं तेही हातचं जातं.