वजनाचं इंजेक्शन: नावं अनेक, औषधं तीन

वजन कमी करण्याच्या इंजेक्शनांची चर्चा आता मुंबई-पुण्यापुरती राहिलेली नाही. जालन्यात एखाद्या लग्नात ओळखीचा माणूस एकदम उतरलेला दिसला, की पंगतीतच विषय निघतो: कोणतं घेतोस, कितीला पडतं, मला चालेल का? मग मोबाईलवर नावं शोधली जातात. वेगोव्ही, ओझेम्पिक, माउंजारो, सॅक्सेंडा, पोविझ्ट्रा, युरपीक. माणूस इथेच गोंधळतो, आणि गोंधळलेला माणूस शेजाऱ्याने घेतलं तेच मागतो.

खोक्यावरची नावं कितीही असली, तरी आतली औषधं तीनच आहेत. सॅक्सेंडात लिराग्लुटाइड असतं. वेगोव्ही आणि ओझेम्पिकमध्ये सेमाग्लुटाइड असतं. पुण्याची एमक्युअर कंपनी विकते ते पोविझ्ट्रा म्हणजे वेगोव्हीचंच दुसरं नाव. माउंजारोत टिर्झेपटाइड असतं, आणि सिप्लाचं युरपीक तेच. ओझेम्पिक मधुमेहासाठी आहे, वेगोव्ही वजनासाठी. औषध एकच, डोसची कमाल मर्यादा वेगळी. म्हणून खोकं हातात आलं की मोठ्या अक्षरातलं नाव सोडून खालचं बारीक अक्षरातलं नाव वाचावं. तुलना त्या नावांची करायची.

ही औषधं करतात काय? आपण जेवलो की आतड्यातून जीएलपी-1 नावाचं संप्रेरक सुटतं. ते स्वादुपिंडाकडून इन्सुलिन सोडवून घेतं, जठर रिकामं होण्याचा वेग कमी करतं आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचवतं. अडचण अशी, की रक्तात ते जेमतेम दोन मिनिटं टिकतं. शरीरातलंच एक विकर त्याचे तुकडे करून टाकतं. अमेरिकेच्या वाळवंटात गिला मॉन्स्टर नावाचा विषारी सरडा असतो. त्याच्या विषात याच कामाचा, पण जास्त टिकणारा पदार्थ जॉन एंग या डॉक्टरांना सापडला आणि 1992 साली त्यांनी तो जगापुढे मांडला. त्यातून 2005 मध्ये मधुमेहाचं एक इंजेक्शन आलं, पण ते दिवसातून दोनदा टोचावं लागे. पुढची सगळी धडपड औषध जास्त वेळ टिकवण्याची होती. लिराग्लुटाइडचा अर्धा अंश तेरा तासांत संपतो, म्हणून ते रोज घ्यावं लागतं. सेमाग्लुटाइडला तेवढंच व्हायला सुमारे आठवडा लागतो, टिर्झेपटाइडला सुमारे पाच दिवस. म्हणून ही दोन्ही आठवड्यातून एकदा. टिर्झेपटाइडची आणखी एक खासियत आहे. ते जीएलपी-1 बरोबरच जीआयपी या दुसऱ्या संप्रेरकाचंही काम करतं.

चरबी जाळणारं यात काहीच नाही. भूक मंदावते, दोन भाकरींच्या जागी एकीवर हात थांबतो, दिवसभर खाण्याचाच विचार करणारं डोकं शांत होतं. वजन उतरतं ते त्यामुळे.

आता किती उतरतं ते पाहू. लिराग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत 56 आठवड्यांत सरासरी 8 टक्के वजन कमी झालं. सेमाग्लुटाइडच्या चाचणीत 68 आठवड्यांत 14.9 टक्के, तर नुसतं पाण्यासारखं बिनऔषधी इंजेक्शन घेणाऱ्यांचं 2.4 टक्के. टिर्झेपटाइडच्या चाचणीत 72 आठवड्यांत सर्वांत मोठ्या डोसवर 20.9 टक्के. वेगवेगळ्या चाचण्यांचे आकडे शेजारी मांडून निकाल लावू नये, हे खरं. पण ही दोन साप्ताहिक औषधं समोरासमोर ठेवून केलेली चाचणीही 2025 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात टिर्झेपटाइडवर 20.2 टक्के आणि सेमाग्लुटाइडवर 13.7 टक्के वजन उतरलं. म्हणजे 90 किलोच्या माणसाचे एकाने साधारण 18 किलो, दुसऱ्याने 12. ताकदीचा प्रश्न तिथे मिटला.

मात्र मधुमेह असलेल्यांचं वजन या औषधांनी कमी उतरतं. त्यांच्यावरच्या स्वतंत्र चाचण्यांत सेमाग्लुटाइडचा आकडा 9.6 टक्के आणि टिर्झेपटाइडचा 14.7 टक्के होता. शुगरच्या माणसाने बिनशुगरच्या मित्राशी तुलना करून निराश होऊ नये, आणि "मला लागूच पडत नाही" म्हणून परस्पर डोस तर मुळीच वाढवू नये. शिवाय सेमाग्लुटाइडच्या बाजूने एक भक्कम पुरावा आहे. हृदयरोग आणि जास्त वजन असलेल्या, पण मधुमेह नसलेल्या 17,604 लोकांवरच्या चाचणीत हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून 20 टक्क्यांनी कमी झाले. ज्याची अँजिओप्लास्टी झाली आहे, त्याच्यासाठी चार किलो कमी-जास्त उतरण्यापेक्षा हा आकडा मोलाचा आहे.

कुणी घ्यावं, याचं कागदावरचं उत्तर बीएमआयवर, म्हणजे उंचीच्या मानाने वजनावर आहे: 30 किंवा जास्त, अथवा 27 किंवा जास्त आणि सोबत बीपी, मधुमेह, कोलेस्टेरॉल असं काही. पाच फूट पाच इंच उंचीला 30 म्हणजे साधारण 82 किलो, 27 म्हणजे साडेत्र्याहत्तर. पण आपल्याकडे काटा पूर्ण खरं सांगत नाही, आणि हे जगाला दाखवून देण्यात पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा मोठा वाटा आहे. 2004 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय 22.3, अगदी सारखा. चरबी मात्र याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के आणि युडकिनांच्या 9.1 टक्के. हातपाय बारीक, पोट पुढे, आणि चाळिशीत शुगर: ही ठेवण भोकरदनपासून परतूरपर्यंत घरोघरी दिसेल. म्हणून भारतीय डॉक्टर 25 पासूनच लठ्ठपणा धरतात आणि कमरेचं माप घेतात. पुरुषाला 90 सेंटिमीटर, बाईला 80. त्याच्या वर गेलं तर काळजी करायची. पण लग्नाआधी चार किलो उतरवायचे म्हणून ही सुई नाही, हे स्पष्ट सांगितलं पाहिजे.

टोचण्याची पद्धत तिन्हींत सारखीच: पोटावर बेंबीपासून दोन इंच सोडून, मांडीवर किंवा दंडावर, चामडीखाली, दर वेळी जागा बदलून. सुरुवात नेहमी लहान डोसने. लिराग्लुटाइड 0.6 मिलिग्रॅमपासून आठवड्या-आठवड्याने 3 पर्यंत जातं. सेमाग्लुटाइड 0.25 पासून चार-चार आठवड्यांनी 0.5, 1, 1.7 करत 2.4 पर्यंत. टिर्झेपटाइड 2.5 पासून अडीच-अडीचने जास्तीत जास्त 15 पर्यंत. पहिल्या डोसचा हेतू पोटाला सवय लावण्याचा असतो. पहिल्या महिन्यात वजन हललं नाही म्हणून पैसे वाया गेले असं समजू नये.

सगळ्यात जास्त धोका मात्र मोजण्यात आहे. टिर्झेपटाइड भारतात मार्च 2025 मध्ये आलं ते छोट्या काचेच्या बाटलीत. एका बाटलीत अर्धा मिली, म्हणजे एक डोस, आणि तो इन्सुलिनच्या सिरिंजने ओढायचा. आता आपल्या मेडिकलवर इन्सुलिनच्या सिरिंज दोन जातीच्या मिळतात: लाल टोपणाची 40 युनिटची आणि नारिंगी टोपणाची 100 युनिटची. तोच अर्धा मिली लाल टोपणाच्या सिरिंजवर 20 या रेघेला येतो आणि नारिंगीवर 50 ला. कुणी फोनवर "50 युनिट घे" सांगितलं आणि हातात लाल टोपणाची सिरिंज असली, तर हिशेबच बसत नाही. वेगवेगळ्या कंपन्यांच्या बाटल्यांत औषधाची तीव्रताही वेगळी असू शकते. तेव्हा डोस बोलायचा तो मिलिग्रॅममध्ये, आणि पहिली सुई दवाखान्यात सिस्टरसमोर स्वतः भरून, टोचून दाखवायची. औषध आधीच भरलेल्या पेनमध्ये ही भानगड बरीच कमी होते. डॉक्टरांनी पेन आणि बाटली यांत निवड दिली आणि घरात वाचून समजून घेणारं कुणी नसेल, तर थोडे जास्त पैसे देऊन पेनच घ्यावं असं माझं मत आहे.

त्रास तिन्हींचे सारखेच: मळमळ, उलटी, जुलाब नाहीतर बद्धकोष्ठ, आंबट ढेकर. डोस वाढला की चार दिवस जोर असतो, मग ओसरतो. तळलेलं, तेलकट, पोटभर जेवण हे बहुतेक वेळा कारण असतं. पण जालन्यात एका गोष्टीकडे जास्त लक्ष हवं. या औषधाने भुकेबरोबर तहानही कमी होऊ शकते. एमआयडीसीतल्या स्टीलच्या भट्टीसमोर आठ तास उभा राहणारा, किंवा एप्रिलच्या उन्हात मोसंबीच्या बागेत राबणारा माणूस उलट्या-जुलाब सुरू असताना पाणी प्यायचा राहिला, तर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. तहान लागो न लागो, ठरवून पाणी, ताक, गरज पडली तर ओआरएस प्यायचं. नवरात्रात नऊ दिवसांचे उपवास किंवा रोजे धरणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं, कारण दिवसभर रिकामं पोट आणि रात्री एकदम साबुदाणा वडा किंवा भजी, हे या औषधाशी मुळीच जमत नाही.

मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर त्यांचा डोस कमी करावा लागतो, नाहीतर शुगर धोकादायक उतरते. मधुमेहाने डोळ्याचा पडदा बिघडला असेल तर सुरू करण्याआधी डोळे तपासून घ्यावेत. पोटात असह्य कळ उठून पाठीत जात असेल तर सुई थांबवून थेट दवाखाना गाठायचा. स्वादुपिंडाचा दाह किंवा पित्ताशयातले खडे असू शकतात. घरात कुणाला थायरॉईडचा मेड्युलरी प्रकारचा कॅन्सर झाला असेल तर ही औषधं घ्यायचीच नाहीत. गरोदरपणातही नाहीत, सेमाग्लुटाइड तर दिवस राहण्याच्या दोन महिने आधीच बंद करतात. टिर्झेपटाइडमुळे गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो, म्हणून सुरुवातीला आणि प्रत्येक वाढीनंतर चार आठवडे दुसरा उपाय हवा. ऑपरेशन ठरलं असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना सुईबद्दल सांगायलाच हवं, कारण उपाशी असूनही जठर भरलेलं असू शकतं.

साठवणीत मात्र दोन साप्ताहिक औषधांमध्ये थोडा फरक आहे. दोन्ही 2 ते 8 अंशांत, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवायची, फ्रीजरमध्ये कधीच नाही. एकदा गोठलं की फेकून द्यायचं. फ्रिजबाहेर 30 अंशांखाली दोन्ही ठरावीक दिवसच चालतात, आणि तो आकडा दोघांचा वेगळा आहे; तो सोबतच्या माहितीपत्रकात पाहावा. पण मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीपार जातो, त्यामुळे "बाहेर चालतं" हे वाक्य इथे उन्हाळ्यात लागू नाही. संभाजीनगरहून औषध आणून मंठ्याला किंवा जाफ्राबादला न्यायचं, तर दुकानदाराकडून बर्फाच्या पाकिटासह थर्मासची पिशवी मागावी, आणि औषध व बर्फ यांच्यामध्ये कापडाची घडी घालावी. एखादा डोस राहिला तर सेमाग्लुटाइड पाच दिवसांच्या आत, टिर्झेपटाइड चार दिवसांच्या आत घ्यावं; त्यापुढे गेलं तर तो सोडून ठरल्या वारी पुढचा. दोन एकदम कधीच नाहीत. आणि बिल, बॅच नंबर नसलेलं, कुणाच्या ओळखीने किंवा इन्स्टाग्रामवरून आलेलं औषध स्वस्त मिळालं तरी नको. नकली सेमाग्लुटाइडबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने जून 2024 मध्ये इशारा दिलेला आहे.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि माझ्या मते निवड खरी इथेच होते. माउंजारो आलं तेव्हा 2.5 मिलिग्रॅमची बाटली 3,500 रुपयांना आणि 5 ची 4,375 ला होती. महिन्याला 14,000 ते 17,500. वेगोव्ही जून 2025 मध्ये आलं ते महिन्याला 17 हजारांच्या पुढे, आणि त्याच नोव्हेंबरात सुरुवातीच्या डोसची किंमत 11 हजारांच्या आत आणली गेली. मार्च 2026 मध्ये सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट संपलं आणि भारतीय कंपन्यांना वाट मोकळी झाली. लिराग्लुटाइडच्या बाबतीत ते आधीच घडलं आहे. ग्लेनमार्कने जानेवारी 2024 मध्ये मधुमेहासाठी दिवसाला सुमारे 100 रुपयांत ते आणलं. टिर्झेपटाइडचं पेटंट अजून चालू आहे.

आणि हा खर्च तीन महिन्यांचा नाही. सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं, असं त्याच चाचणीतल्या लोकांच्या पुढच्या तपासणीत दिसलं. टिर्झेपटाइडच्या एका चाचणीत 36 आठवड्यांत 20.9 टक्के वजन उतरल्यावर निम्म्यांना बिनऔषधी सुई दिली, तेव्हा त्यांचं वजन 14 टक्क्यांनी पुन्हा वाढलं. औषध चालू राहिलेल्यांचं आणखी उतरलं. परत येते ती प्रामुख्याने चरबी, आणि गेलेले स्नायू तसे परतत नाहीत. म्हणून सुईच्या काळातच ताटात आधी वरण, मटकी, अंडं, दही आणि मग भाकरी, शिवाय आठवड्यातून दोन-तीनदा वजन उचलण्याचा व्यायाम, हे औषधाइतकंच उपचाराचा भाग आहे.

कापसाच्या पैशावर वर्ष काढणाऱ्या घराने सर्वांत ताकदवान औषध सहा महिने घेऊन सोडण्यापेक्षा, दोन-तीन वर्षं परवडेल ते मध्यम ताकदीचं औषध धरावं. डॉक्टरांकडे पहिल्याच भेटीत विचारायचं ते हे: कोणत्या डोसवर थांबायचं, महिन्याला त्याचा खर्च किती, आणि बंद करायची वेळ आली तर डोस कसा उतरवायचा व तेव्हा कोण लक्ष ठेवणार. याचं उत्तर मिळाल्यावरच पहिलं पेन विकत घ्यावं.