बाळंतिणीची भूक

चंडीगडच्या सेक्टर १७ मध्ये वाहनांना मज्जाव असलेला एक विस्तीर्ण फरसबंद चौक आहे. ल कॉर्बूझिए याने आखलेल्या या नगरीतली ही मोठी बाजारपेठ. एका संध्याकाळी सूनबाई व दोन महिन्यांचा नातू यांच्यासह मी तेथे बसलो होतो. घरून खाऊन निघालेली सूनबाई तासाभरात पुन्हा भुकेजली आणि ओशाळून म्हणाली, "बाबा, मी अगदी खादाड झाले आहे हो! उद्यापासून एक वेळचं जेवण सोडणार."

मी तिला जे सांगितले तेच, श्रोतेहो, येथे सांगतो.

भुकेचे घर पोटात, असे आपण समजतो. परंतु तिची सूत्रे मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस नामक इवल्याशा भागातून हलतात. या शोधात एका भारतीयाचा मोठा वाटा आहे. बालकृष्ण आनंद यांनी १९५१ साली अमेरिकेतील येल विद्यापीठात जॉन ब्रोबेक यांच्यासमवेत दाखवून दिले की, या भागाच्या दोन्ही कडांना सूक्ष्म इजा केली असता उंदीर व मांजरे समोर अन्न असूनही खाणे सोडतात. हेच आनंद पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत शरीरक्रियाशास्त्राचे प्रमुख झाले. भूक एकाच केंद्रात वसत नसून पेशींच्या मोठ्या जाळ्यात वसते, हे नंतर उमगले.

शरीरातील मेद लेप्टिन नावाचा स्राव रक्तात सोडतो. १९९४ साली सापडलेला हा स्राव म्हणजे मेंदूला पोचणारा कोठाराचा जमाखर्चच. उंदरांच्या माद्या पिलांना पाजू लागल्या की लेप्टिन घटते, प्रोलॅक्टिन वाढते आणि भूक चेतवणाऱ्या पेशी जाग्या होतात. नवलाची गोष्ट अशी की, दूध खर्ची पडले नाही तरी केवळ पिलांच्या चोखण्याचा संदेश मज्जारज्जूतून वर जाऊन या पेशींना डिवचतो. मादी मग एरवीच्या तिप्पट खाते. उष्णता निर्माण करणाऱ्या तपकिरी मेदाचे कामही मंदावते. एकीकडे आवक वाढवावी, दुसरीकडे खर्च आवरावा, असा हा दुहेरी कारभार.

मानवी मातेची भूक इतकी बेफाम वाढत नाही. गरोदरपणी साठलेला मेद तिच्या मदतीला येतो. तरीही दिवसाकाठी पाऊण लिटर दूध म्हणजे सुमारे पाचशे उष्मांक, आणि ते घडवण्याचा खर्च वेगळा. म्हणून भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० साली पहिल्या सहा महिन्यांसाठी रोज सहाशे जादा उष्मांकांची शिफारस केली. मातेने पोट मारले तरी दूध सहसा लगेच आटत नाही. झीज तिच्याच अंगावर येते.

आपल्याकडे पूर्वी काही घरांत बाळंतिणीचे पाणी तोडीत. हा निव्वळ जाच होता, कारण बाळ पिऊ लागताच मातेला तहान लागते, ती खरी गरज असते. डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर मात्र आजीबाईंनी योग्यच ठरवली. पंजाबी शेजारीणही तूप, कणीक आणि डिंक घातलेली पंजिरी घेऊन आली होती.

सूनबाईने सारे ऐकून घेतले. "म्हणजे हे माझं नव्हे, याचं काम आहे तर!" असे म्हणून तिने बाळाकडे बोट दाखवले, आणि मला समोरून दोन कुलचे आणावयास धाडले.