बाळंतिणीची धाप

कलघटगीचा रंगीत लाकडी पाळणा दूरदूरच्या घरी जातो. पाळणा हलू लागला की सारे घर बाळाभोवती जमते. बाळंतिणीकडे लक्ष उरते ते खाण्यापुरते व शेकण्यापुरते. पाय सुजले म्हणाली, तर बाळंतपणात सुजतातच. धाप लागते म्हणाली, तर अशक्तपणा. पुष्कळदा ते खरेही असते. परंतु क्वचित त्यामागे हृदयाचा विकार असतो. आम्ही वैद्य नव्हे, शाळामास्तर. तरी हा विषय घराघरांत ठाऊक असावा असे आम्हांस वाटते.

पूर्वी निरोगी असलेल्या स्त्रीचा हृदयस्नायू गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून प्रसूतीनंतरच्या पाच महिन्यांपर्यंत केव्हाही शिथिल होऊ शकतो. हृदयाच्या डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी निम्म्याहून अधिक रक्त एका ठोक्यास बाहेर पडावयास हवे. या विकारात ते शेकडा ४५ च्या खाली येते. मागे रक्त तुंबते, फुप्फुसांत पाणी साचते. म्हणून आडवे होताच दम कोंडतो, उशांवर उशा रचाव्या लागतात, रात्री खोकल्याने जाग येते. नुसत्या थकव्याने असे होत नाही. ही खूण सासूबाईंनी व सुईणीने ध्यानी धरावी.

कारण पुरते उलगडलेले नाही. जुळी मुले, वाढलेला रक्तदाब, अधिक वय यांनी धोका वाढतो. दूध आणणाऱ्या संप्रेरकाचा एक तुकडा हृदयाच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांस इजा करतो, असे जर्मनीतील संशोधकांनी २००७ साली दाखविले. नायजेरियातील झारिया भागात हा विकार फार आढळे. तेथे बाळंतिणीस तापलेल्या मातीच्या ओट्यावर निजवीत व सरोवराचे खारे मीठ भरपूर चारीत. (आपली शेगडी आठवते ना!) पुढील तपासात मात्र सारा दोष त्या चालींवर टाकता आला नाही. तरीही सूज असता मीठ कमीच बरे.

निदानास इको तपासणी लागते. हुबळीस १९५७ साली निघालेले वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे इस्पितळ आपल्यापासून फार दूर नाही. चाळीस दिवस घराबाहेर पडावयाचे नाही, ही आपल्याकडील चिल्ल्याची चाल. हिंदू शेजाऱ्यांत सव्वा महिना पाळतात. धाप लागलेल्या बाळंतिणीस त्यासाठी थांबवू नये. वेळीच औषध मिळाल्यास अनेकींचे हृदय काही महिन्यांत पूर्ववत् होते. औषधे मात्र मनाने बंद करू नयेत. विकार पुढल्या खेपेस उलटू शकतो. यास्तव दुसऱ्या मुलाचा विचार करण्यापूर्वी पतिपत्नी दोघांनी डॉक्टरांस भेटावे, एकट्या सुनेस धाडू नये.