चंचलतेमुळे काय अडते आहे?

'एका जागी बसत नाही', 'पट्टी, डबा, पाण्याची बाटली, काही ना काही रोज हरवून येतो', 'प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देऊन मोकळा होतो'. मुलांच्या बाह्यरुग्ण विभागात या तक्रारी नेहमीच्या आहेत. अलीकडे अनेक पालक मोबाइलवर लक्षणांची यादी वाचून येतात आणि 'याला एडीएचडी आहे का?' असे थेट विचारतात. यादीतल्या सात-आठ गोष्टी जुळल्या की त्यांच्या मनाने निदान झालेले असते. प्रत्यक्षात तेव्हा अर्धेच काम झालेले असते.

लक्ष न टिकणे, अतिचंचलता आणि उतावळेपणा ही एडीएचडीची, म्हणजे अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसॉर्डरची लक्षणे. हा मेंदूच्या वाढीशी निगडित विकार आहे. तो ठरवणारी रक्ताची तपासणी किंवा स्कॅन नाही, म्हणून निकषांना महत्त्व येते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'डीएसएम-५' या निकषसंग्रहात एकूण १८ लक्षणे आहेत: ९ लक्ष न टिकण्याची, ९ अतिचंचलता व उतावळेपणाची. मुलांमध्ये यातील एका गटातली किमान ६ लक्षणे ६ महिने टिकलेली हवीत आणि ती त्या वयाच्या मानाने जास्त असावीत. त्यातली काही १२ वर्षांच्या आत दिसलेली असावीत. घर, शाळा, खेळाचे मैदान अशा किमान दोन ठिकाणी ती आढळावीत. आणि शेवटची अट अशी, की या लक्षणांमुळे मुलाचे शिकणे, मैत्री किंवा रोजचे वागणे अडते आहे, याचा स्पष्ट पुरावा हवा. घाईत नेमकी हीच अट विसरली जाते.

समजा, तिसरीतली दोन मुले आहेत. दोघेही चुळबुळे, दोघेही विसराळू. पहिला गृहपाठ करताना चार वेळा उठतो, पण तासाभरात संपवतो. संध्याकाळी मित्र त्याला हाक मारायला येतात. दुसऱ्याचा अर्ध्या तासाचा अभ्यास तीन तास चालतो आणि रडारडीत, मारझोडीत संपतो. खेळात तो पाळी येईपर्यंत थांबत नाही, म्हणून मुले त्याला घेत नाहीत. रस्त्यावर तो हात सोडवून धावतो. दोघांच्या लक्षणांची बेरीज सारखी येऊ शकते, पण निदानाचा विचार दुसऱ्याच्या बाबतीत करावा लागेल.

त्रास एकाच ठिकाणी असेल तर आधी त्या ठिकाणाकडे पाहावे लागते. फक्त वर्गातच लक्ष नसेल तर फळा नीट दिसतो का, ऐकू येते का, शिकवण्याची भाषा समजते का, अध्ययन अक्षमता आहे का, हे तपासावे लागते. अपुरी झोप, घोरणे, चिंता, घरातली भांडणे यांमुळेही मूल असेच वागू शकते. कधी कधी वयच कमी पडते. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या ९ लाखांहून अधिक मुलांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे शाळाप्रवेशाची वयोमर्यादा ३१ डिसेंबरला बदलते. त्यामुळे डिसेंबरमध्ये जन्मलेली मुले वर्गात सर्वांत लहान असतात. जानेवारीत जन्मलेल्या मुलग्यांच्या तुलनेत डिसेंबरच्या मुलग्यांमध्ये एडीएचडीचे निदान होण्याची शक्यता ३० टक्क्यांनी, तर मुलींमध्ये ७० टक्क्यांनी जास्त आढळली. म्हणजे जन्मतारीखही डॉक्टरांनी नीट पाहायला हवी.

याची उलट बाजूही आहे. गुण चांगले आहेत म्हणून 'हिला काही नाही' असे म्हणून चालत नाही. एखादी मुलगी वर्गात दंगा करत नाही, खिडकीबाहेर पाहत बसते. आई रोज संध्याकाळी शेजारी बसून प्रत्येक ओळ लिहून घेते, आजी दप्तर भरते, म्हणून प्रगतिपुस्तक सावरलेले असते. पुढे विषय आणि शिक्षक वाढले की हा आधार पुरत नाही आणि सगळे एकदम कोसळल्यासारखे वाटते. म्हणून गुणांच्या जोडीला एक प्रश्न विचारावा लागतो: हे गुण मिळवायला मुलाला आणि घराला किती किंमत मोजावी लागते?

हे मोजायला साधने आहेत. 'व्हँडरबिल्ट' प्रश्नावली पालक आणि शिक्षक वेगवेगळी भरतात. तिच्यात लक्षणांखेरीज वाचन, लेखन, गणित आणि नातेसंबंध यांविषयी स्वतंत्र प्रश्न असतात. त्यात एकाही बाबतीत अडचण दिसली नाही, तर केवळ लक्षणांच्या बेरजेवर ती सकारात्मक धरत नाहीत. अर्थात कागद भरल्याने निदान होत नाही. मुलाशी बोलणे आणि त्याला तपासणे याला पर्याय नाही.

पालकांनी डॉक्टरकडे जाताना दोन आठवड्यांची साधी नोंद न्यावी: गृहपाठाला लागलेला वेळ, झोप, हरवलेल्या वस्तू, भांडणे, किती वेळा आठवण करावी लागली. जोडीला वह्या आणि शिक्षकांनी लिहिलेल्या चार ओळी असाव्यात. मूल काय चांगले करते, हेही लिहावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या आणि सरकारी शाळांत मुलांची तपासणी करतात. पुढील तपासणीसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवण्याची सोय त्यात आहे.

उपचाराची दिशाही याच नोंदीतून ठरते. सहा वर्षांखालील मुलांत पालकांचे प्रशिक्षण आधी येते. मोठ्या मुलांत त्याबरोबर वर्गातले बदल आणि गरजेनुसार तज्ज्ञांच्या देखरेखीखाली औषध. उपचार लागू पडतो आहे का, हे केवळ मूल गप्प बसू लागले यावरून ठरवू नये. तीन तासांचा गृहपाठ तासावर आला, मैदानावरून पुन्हा बोलावणे येऊ लागले, तर तो लागू पडतो आहे असे समजावे.