यादीत नाव चढवणारी माणसे

नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात जो बायडेन ११,७७९ मतांनी जिंकले. पन्नास लाखांच्या आसपास मतदान झालेल्या राज्यात हा फरक अगदीच थोडा. जॉर्जियात १९९२ नंतर अध्यक्षपदाच्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाला यश मिळालेले नव्हते. त्यामुळे निकालानंतर सगळ्यांच्या नजरा अटलांटाकडे वळल्या आणि ‘न्यू जॉर्जिया प्रोजेक्ट’ हे नाव चर्चेत आले. २०१३ साली स्टेसी अब्राम्स यांनी उभारलेली ही राज्यपातळीवरची संस्था. कार्यकर्ते तयार करायचे, त्यांना दारोदार पाठवायचे, लोकांची नावे मतदार यादीत चढवायची आणि मतदानाच्या दिवशी त्यांना केंद्रापर्यंत आणायचे, हे तिचे काम. अब्राम्स तेव्हा राज्याच्या प्रतिनिधिगृहात विरोधी पक्षनेत्या होत्या.

आपल्याकडच्या वाचकाला प्रश्न पडेल, नाव चढवायला संस्था कशाला लागते? भारतात मतदार यादी करणे ही निवडणूक आयोगाची जबाबदारी. बीएलओ घरी येतो, नाही आला तर नमुना ६ भरता येतो. अमेरिकेत परंपरेने ही जबाबदारी नागरिकाची. अर्ज त्याने करायचा, घर बदलले की त्यानेच कळवायचे. बरीच वर्षे मतदान केले नाही आणि सरकारी पत्राला उत्तरही दिले नाही, तर जॉर्जियात नाव आधी निष्क्रिय होते आणि मग गळते. भाड्याची घरे बदलत फिरणाऱ्या गरिबांची नावे सगळ्यात आधी जातात. अशा संस्थांची गरज इथूनच सुरू होते.

मात्र हे काम अब्राम्स यांनी शोधून काढलेले नाही. त्याची मुळे शेजारच्या साउथ कॅरोलायनातल्या जॉन्स बेटावर सापडतात. तिथे मतदार व्हायचे तर राज्यघटनेतला उतारा वाचून दाखवावा लागे आणि बेटावरच्या बहुतेक काळ्या शेतमजुरांना अक्षरओळख नव्हती. इसॉ जेन्किन्स हा तिथला गृहस्थ बेटावरून चार्ल्सटनला कामाला जाणाऱ्यांसाठी बस चालवायचा. प्रवासातच तो लोकांकडून घटनेचे उतारे पाठ करून घेऊ लागला. एका बाईने पाठांतराच्या जोरावर नाव नोंदवलेही, पण तिला पाठांतर नको होते, खरोखरचे वाचायला शिकायचे होते.

जेन्किन्सने हे गाऱ्हाणे टेनेसीतल्या हायलँडर फोक स्कूलमध्ये नेले. माइल्स हॉर्टन आणि डॉन वेस्ट यांनी १९३२ मध्ये सुरू केलेली ही कार्यकर्त्यांची शाळा. माँटगोमरीच्या बसमध्ये जागा सोडायला नकार देण्याच्या काही महिने आधी, १९५५ च्या उन्हाळ्यात, रोझा पार्क्स इथल्या शिबिराला येऊन गेल्या होत्या. सेप्टिमा क्लार्क यांना चार्ल्सटनच्या शिक्षिकेच्या नोकरीवरून १९५६ मध्ये काढण्यात आले, कारण त्यांनी ‘एनएएसीपी’ या नागरी हक्क संघटनेचे सभासदत्व सोडायला नकार दिला. त्या हायलँडरमध्ये आल्या आणि या कामाला आकार आला.

जानेवारी १९५७ मध्ये बेटावर पहिला वर्ग भरला. पुढे किराणा दुकान, मागच्या खोल्यांत शाळा. गोऱ्यांच्या नजरेत येऊ नये म्हणून ही रचना. शिकवायला मुद्दामच पेशाने शिक्षक नसलेली व्यक्ती निवडली, ती म्हणजे बर्निस रॉबिन्सन. त्या केशरचनेचे आणि शिवणकामाचे काम करत. पहिल्याच दिवशी त्यांनी विद्यार्थ्यांना विचारले, तुम्हाला काय शिकायचे आहे? उत्तरे साधी होती : मुलांची पत्रे वाचायची आहेत, बायबल वाचायचे आहे, मनिऑर्डर भरायची आहे, सही करायची आहे. रॉबिन्सन यांनी तोच अभ्यासक्रम केला. पुठ्ठ्यावर नाव लिहून द्यायचे आणि विद्यार्थ्याने त्यावरून पुन्हापुन्हा पेन्सिल फिरवायची. पासष्टीच्या एका आजींनी फळ्यावरच्या नावांतून स्वतःचे नाव ओळखून एकेक अक्षर वाचून दाखवले, त्या क्षणी अंगावर काटा आला, असे रॉबिन्सन पुढे सांगत. मतदार नोंदणीचा अर्ज आला तो या सगळ्याच्या ओघात. या कामाचे सगळे मर्म या क्रमात आहे असे प्रस्तुत लेखकाला वाटते : आधी माणसाची गरज, मग मत.

(याच सुमारास, जुलै १९५६ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईत राजकारणात येऊ इच्छिणाऱ्यांसाठी प्रशिक्षण विद्यालय सुरू केले होते. डिसेंबरात बाबासाहेब गेले आणि ते काही महिन्यांत बंद पडले. सप्तसमुद्रापार असलेल्या दोन समाजांना एकाच वेळी अशी शाळा हवीशी वाटावी, हे विलक्षण आहे.)

टेनेसी सरकारने १९६१ मध्ये हायलँडरची मान्यता रद्द केली. तेव्हा हे वर्ग मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेने आपल्याकडे घेतले आणि प्रशिक्षणाचे ठाणे जॉर्जियातल्या मॅकिन्टॉश गावी डॉर्चेस्टर केंद्रात हलले. क्लार्क, डोरोथी कॉटन आणि अँड्र्यू यंग यांनी तिथे दक्षिणेतल्या खेड्यापाड्यांतून आलेल्या माणसांना तयार केले. घरी परतून त्यांनी स्वतःचे वर्ग काढायचे. १९७० पर्यंत असे सुमारे नऊशे वर्ग भरले. यंग पुढे अमेरिकी काँग्रेसमध्ये, म्हणजे संसदेत, गेले आणि अटलांटाचे महापौरही झाले.

१९६५ च्या मतदान हक्क कायद्याने साक्षरतेच्या चाचण्या मोडीत काढल्या. जॉर्जियासारख्या राज्यांना मतदानाचे नियम बदलण्यापूर्वी केंद्राची परवानगी घेणे भाग पडले. जून २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘शेल्बी काउंटी’ खटल्यात ही अट निष्प्रभ केली. न्यू जॉर्जिया प्रोजेक्टचा जन्मही त्याच वर्षीचा.

संस्थेने २०१४ मध्ये ऐंशी हजारांहून अधिक अर्ज गोळा केले आणि लगेच वाद पेटला. राज्याचे निवडणूक अधिकारी ब्रायन केम्प यांनी बनावट अर्जांची चौकशी लावली. संशयास्पद अर्ज पन्नासच्या आसपास निघाले. उलट संस्थेचे म्हणणे होते की हजारो अर्ज कार्यालयात पडून आहेत. त्याहून चिवट अडचण होती ‘तंतोतंत जुळणी’च्या नियमाची. अर्जावरचे नाव वाहन परवान्याच्या नोंदीशी एका अक्षराने किंवा जोडरेघेने जरी जुळले नाही, तरी अर्ज लटकायचा. २०१८ मध्ये असे ५३ हजार अर्ज लटकलेले होते आणि त्यांतले जवळपास ७० टक्के काळ्या नागरिकांचे. नव्याने नागरिकत्व घेतलेल्यांचीही अडवणूक झाली, कारण त्यांच्या परवान्याच्या नोंदीत ते अजून परदेशीच होते. अटलांटाच्या उपनगरांतल्या भारतीय, आणि अर्थातच मराठी, कुटुंबांनाही हा नियम लागू होता. त्या वर्षी गव्हर्नरपदासाठी स्वतः अब्राम्स उभ्या राहिल्या. प्रतिस्पर्धी केम्प, आणि निवडणूक यंत्रणाही त्यांच्याच हाती. अब्राम्स सुमारे ५५ हजार मतांनी हरल्या.

पण दारोदार फिरणे थांबले नाही. जानेवारी २०२१ च्या फेरनिवडणुकीत सिनेटच्या दोन्ही जागा डेमोक्रॅटिक पक्षाने जिंकल्या. विजेत्यांपैकी राफाएल वॉर्नॉक हे किंग यांच्याच एबेनेझर चर्चचे पाद्री आणि काही काळ न्यू जॉर्जिया प्रोजेक्टचे अध्यक्ष होते. दोनच महिन्यांनी राज्याने नवा कायदा केला. मतदान केंद्रापासून १५० फुटांच्या आत रांगेतल्या मतदाराला पाणी किंवा खाऊ देणे गुन्हा ठरला. तासन् तास रांगा लागतात त्या बहुधा काळ्या वस्त्यांत, हे लक्षात घेतले की या कलमाचा रोख कळतो. हे कलम निव्वळ अन्यायाचे होते.

संस्थेचे आतले चित्र मात्र तितके उजळ नव्हते. अमेरिकेत करसवलतीची धर्मादाय संस्था उमेदवाराचा प्रचार करू शकत नाही. त्यासाठी वेगळी संस्था काढून हिशेब जाहीर करावे लागतात. न्यू जॉर्जिया प्रोजेक्ट आणि तिच्या जोडसंस्थेने २०१८ मध्ये अब्राम्स यांच्यासाठी प्रचार केला, पण लाखो डॉलरच्या देणग्या आणि खर्च दाखवला नाही. जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी हे मान्य केले आणि ३ लाख डॉलर दंड स्वीकारला. ऑक्टोबर २०२५ मध्ये संस्था बंद होत असल्याचे जाहीर झाले.

विरोधकांनी याला ढोंगाचा पुरावा ठरवले, ते पटण्यासारखे नाही. यादीत चढलेली नावे खरी होती. पण कायद्याच्या अटींवर बोट ठेवून सरकारशी भांडणाऱ्या संस्थेने स्वतःचे हिशेब चोख ठेवायलाच हवे होते. निवडणुकीच्या हंगामात पैशाचा पूर येतो, शेकडो माणसे पगारावर घेतली जातात आणि हंगाम सरला की ओसरतात. त्यात पुठ्ठ्यावर नाव गिरवून घेणारी रॉबिन्सन बाईंची सवड उरत नाही.

नोव्हेंबर २०२६ मध्ये जॉर्जियात पुन्हा गव्हर्नरपदाची निवडणूक आहे. केम्प यांना सलग तिसऱ्यांदा उभे राहता येत नाही. घर बदललेल्यांची आणि अठरा पूर्ण झालेल्यांची नोंदणी करायला यंदा एबेनेझरसारखी चर्चे, विद्यार्थी गट आणि ‘एनएएसीपी’च्या शाखा आहेत.