फुप्फुसातील लहान गाठ

आपल्या फुप्फुसात श्वासनलिकेला झाडासारख्या फांद्या फुटतात. टोकाकडे त्या अगदी बारीक होतात. तेथे कर्करोगाची लहान गाठ असली, तरी बहुधा काहीच त्रास जाणवत नाही. सीटी स्कॅनमध्ये गाठ दिसते. पण ती कर्करोगाचीच आहे का, हे कळण्यासाठी तिचा छोटा तुकडा तपासावा लागतो.

तपासणीची नेहमीची दुर्बीण जाड असल्यामुळे तेथवर सहसा पोहोचत नाही. म्हणून डॉक्टरांच्या हुकमाने चालणाऱ्या यंत्राची मदत घेतात. अमेरिकेत २०१९ साली मंजुरी मिळालेल्या ‘आयन’ यंत्राची नळी ३.५ मिलिमीटर जाड आहे. सीटी स्कॅनवरून केलेल्या नकाशाच्या आधारे डॉक्टर ती गाठीजवळ नेतात. यंत्र नळी स्थिर धरते आणि डॉक्टर सुईने तुकडा घेतात. रोग लवकर कळला, तर बरा होण्याची आशा वाढते.