बँकॉकमधले पहिले तीन दिवस

मागच्या महिन्यात वस्तीतल्या आरोग्य शिबिरात एका मुलीने रक्तदाब मोजून घेता घेता विचारले, "ताई, बँकॉकला एकटीने गेले तर चालेल का? आई म्हणते, सहलीच्या बसनेच जा." मुलगी चोवीस वर्षांची, नोकरी करणारी, स्वतःच्या पैशाने जाणारी. मी म्हटले, जरूर जा. पण पहिल्या दिवशी मी जे केले ते तू करू नकोस.

दोन वर्षांपूर्वी मार्चअखेरीस मी पाठीवर पिशवी टाकून एकटीच गेले होते. अठरा वर्षे वॉर्डात काढलेली नर्स, त्यात नागपूरची. उन्हाला काय भ्यायचे, असा तोरा होता. कोलकात्याहून रात्रीचे विमान पकडले, पहाटे सुवर्णभूमी विमानतळावर उतरले. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे, त्यामुळे उरलीसुरली झोपही गेली. हॉस्टेलमध्ये खाट मिळणार होती दुपारी दोनला. पिशवी तिथे टाकली आणि चालत निघाले. वाट फो विहारातली 46 मीटर लांबीची पहुडलेली बुद्धमूर्ती डोळे भरून पाहिली. मग नावेने चाओ फ्राया नदी ओलांडून वाट अरुणच्या उभ्या पायऱ्या चढले. साडेबाराला धक्क्यावर परतले तेव्हा डोके ठणकत होते, पोटात ढवळत होते, हातापायात गोळे येत होते. नाडी मोजली, 124.

धक्क्यावर फळे विकणाऱ्या एका बाईने माझ्याकडे पाहिले आणि स्वतःचे स्टूल पुढे सरकवले. बर्फाच्या पाण्यात भिजवलेले फडके मानेवर ठेवले. एकमेकींची भाषा येत नव्हती, पण काय झाले आहे ते तिला माझ्याआधी कळले होते. ओआरएसची चार पाकिटे मी घरून नेली होती. ती हॉस्टेलमधल्या पिशवीत होती!

चूक कुठे झाली ते सांगते. नागपुरात मे महिन्यात कूलर खोली गार करतो आणि जुलैत तोच कूलर नुसता चिकचिक वाढवतो, हे आपल्याला माहीत आहे. घामाचेही तसेच असते. घाम वाळला तरच अंग गार होते. बँकॉकच्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. पाणी आणि मीठ जाते, अंग मात्र तापलेलेच राहते. त्यामुळे तिथले 36 अंश आपल्याकडच्या कोरड्या 43 पेक्षा जड जाऊ शकतात. शरीराला अशा हवेची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात आणि आपण पहिल्याच दिवशी सगळे शहर पाहायला निघतो.

दुसरी चूक बायकांची, पिढ्यान्‌पिढ्यांची. आदल्या संध्याकाळपासून मी जेमतेम अर्धी बाटली पाणी प्यायले होते. का? वाटेत लघवीला जावे लागू नये म्हणून. एसटीच्या प्रवासात आईने लावलेली सवय. शिबिरांत मुतखडा आणि लघवीच्या जळजळीच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या बायकांना मी हीच सवय सोडा म्हणून सांगते, आणि स्वतः विमानात तेच केले. बँकॉकमध्ये याची गरजच नाही. मोठे विहार, मॉल, पेट्रोल पंप, सगळीकडे शौचालय सापडते, बहुतेक ठिकाणी पाण्याचा फवाराही असतो. दर तासाला पाणी प्या. लघवी गडद पिवळी दिसली किंवा चार-पाच तास झालीच नाही, तर फिरणे थांबवा, सावलीत बसा, ओआरएस घ्या. बोलणे असंबद्ध होऊ लागले, अंग भाजल्यासारखे तापले, तर तो उष्माघात. 1669 या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. पर्यटक पोलिसांचा क्रमांक 1155.

वॉर्डात एखादा रुग्ण बिघडला तर शेजारच्या खाटेवरचा हाक मारतो. एकटीच्या प्रवासात हाक मारणारे कोणी नसते. म्हणून मी पुढचे दोन दिवस सकाळ-संध्याकाळ स्वतःचा राउंड घेतला: झोप किती, पाणी किती, पायांना फोड आहेत का. दुपारी बारा ते चार खोलीत पंख्याखाली. बहिणीला दोनदा फोन.

तिसऱ्या दिवशी वेगळेच घडले. खोलीतल्या केरळच्या मुलीला एका विहारातल्या मांजराने ओरबाडले होते. बोटावर रक्ताची बारीक रेघ. ती म्हणाली, परवा घरी जातेच आहे, तिकडे पाहीन. मी तिला आधी नळाखाली उभे केले, साबणाने पंधरा मिनिटे जखम धुतली आणि राम 4 रस्त्यावरच्या क्वीन साओवाभा संस्थेत घेऊन गेले. थाई रेड क्रॉसची ही संस्था 1922 पासून तिथे आहे, सर्पोद्यानासाठी पर्यटकांना माहीत असलेली. रेबीज एकदा अंगात उमटला की जवळजवळ कोणी वाचत नाही, आणि तो मांजराकडूनही होतो. रक्त आले असेल तर लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. "परवा" चालत नाही.

तिथे दंडाच्या कातडीत दोन बाजूंना थोडी थोडी लस टोचलेली पाहिली आणि मला हसू आले. हीच पद्धत मी सरकारी दवाखान्यात वर्षानुवर्षे वापरली. दोन्ही दंडांत 0.1 मिली, पहिल्या दिवशी आणि मग तिसऱ्या, सातव्या, अठ्ठाविसाव्या दिवशी. स्नायूत टोचण्यापेक्षा लस कमी लागते, म्हणून गरिबाला परवडते. आमच्या प्रशिक्षणात तिचे नाव 'थाई रेड क्रॉस पद्धत' असेच होते. ती जिथून आली तिथे मी उभी होते.

बाकीचे थोडक्यात. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. विहारांत खांदे झाकावे लागतात, तेव्हा तो तसाही लागतोच. ताप आला तर फक्त पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिन नको. पाणी बाटलीचे. झोपेच्या आणि तीव्र वेदनाशामक गोळ्यांवर तिथे निर्बंध आहेत, डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा. मोटारसायकल टॅक्सीवर हेल्मेट मागून घ्या. प्रवास विमा काढाच, खासगी रुग्णालयाचे बिल कंबर मोडते. हॉस्टेलचा पत्ता थाई लिपीत लिहिलेले कार्ड खिशात. आणि ओआरएस खांद्यावरच्या पिशवीत, खोलीत नव्हे.

केरळच्या मुलीने घरी पोहोचल्यावर राहिलेले डोस जवळच्या सरकारी दवाखान्यात घेतले. बँकॉकचे कार्ड पाहून तिथल्या सिस्टरने एकही प्रश्न विचारला नाही, सरळ दोन्ही बाह्या वर करायला सांगितल्या.